निरोप कोणाचा?

शास्त्रभाग : उत्पत्ती, अध्याय २७, थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र, अध्याय ३, वचन १७



इसहाकाच्या तंबूतील ती गोष्ट आपण शब्बाथ शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. बाप म्हातारा, डोळ्यांनी दिसेनासे झालेले. थोरला मुलगा शिकारीस गेला आहे. आणि धाकटा त्याचे कपडे अंगावर घालून, हातांना व मानेला करडांची कातडी गुंडाळून, आईने रांधलेले ताट घेऊन आत येतो. शिकवताना आपला सारा भर याकोबाच्या लबाडीवर असतो. आज आम्ही आपले लक्ष त्या म्हाताऱ्या बापाकडे वेधू इच्छितो.

त्याला शंका आली नव्हती असे नाही. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, असे तो विचारतो. त्यावर मुलगा देवाचे नाव पुढे करतो. (फसवणाऱ्याच्या तोंडी देवाचे नाव फार लवकर येते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) मग बाप त्याला जवळ बोलावून चाचपून पाहतो. आवाज कोणाचा हे त्याच्या कानांनी नेमके ओळखले होते, पण हात केसाळ लागले. पुन्हा एकदा तो विचारतो, पुन्हा होकार येतो. मग तो जेवतो, कपड्यांचा वास घेतो आणि आशीर्वाद देऊन टाकतो. डोळे तर गेलेच होते. स्पर्श फसला, जीभ फसली, नाक फसले. एकटा कान खरे सांगत होता आणि त्याचेच ऐकले गेले नाही. पुढे शास्त्र सांगते की, याकोब बाहेर पडतो न पडतो तोच एसाव शिकारीहून परत आला. म्हणजे इसहाक घटकाभर थांबला असता तर ते सारे कपट त्याच्या डोळ्यांपुढे नव्हे, पण कानांपुढे उघडे पडले असते.

ही घटकाभराची गोष्ट आमच्या मनात घोळत राहिली, त्याला कारण आमच्या बेळगावच्या मंडळीत घडलेला एक प्रकार आहे.

आमच्या एक वृद्ध भगिनी आहेत. चाळीस वर्षे शिक्षिका होत्या, सारी मंडळी त्यांना बाई म्हणते. यजमान प्रभूकडे गेले, मुलगा दूर नोकरीस. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी त्यांच्या मोबाईलवर व्हॉट्सॲपने एक निरोप आला. नाव आणि फोटो महिला मंडळाच्या खजिनदार भगिनींचा. मजकूर असा की, मुलीला दवाखान्यात आणले आहे, माझे पैसे पाठवण्याचे यंत्र अडकले आहे, तातडीने अठरा हजार या नंबरवर पाठवा, सोमवारी परत करते. बाईंनी प्रार्थना केली आणि पैसे पाठवले. अर्ध्या तासाने आणखी बावीस हजार मागितले. तेही पाठवले. खजिनदार भगिनींची मुलगी त्या वेळी घरी बसून शाळेचा अभ्यास करत होती.

हे घडले कसे? त्याच दिवशी दुपारी खजिनदार भगिनींना दुसऱ्या गावच्या एका ओळखीच्या बहिणीकडून निरोप आला होता की, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या मोबाईलवर आला आहे, तेवढा कळवा. त्यांनी भोळेपणाने कळवला. तो कोड त्या बहिणीचा नव्हताच. तो यांच्याच व्हॉट्सॲपची किल्ली होता. नव्या मोबाईलवर खाते सुरू करावयाचे तर व्हॉट्सॲप त्या नंबरवर असा कोड पाठवते. तो ज्याच्या हाती पडेल त्याच्या मोबाईलवर खाते उघडते आणि मूळ मालकाचे बंद पडते. त्या बहिणीचे खातेही त्याआधी असेच चोरीस गेले होते. अशी ही साखळी. चोराच्या हाती नाव आले, फोटो आला, आणि महिला मंडळाचा अख्खा ग्रुप आला. एसावाचे कपडे पेटीतून काढून अंगावर चढवावे, तसेच ते.

आता या गोष्टीतला कान कोठे आहे, ते पाहा. खजिनदार भगिनी नेहमी मराठीत लिहितात, आरंभी 'जय ख्रिस्त, बाई' असे म्हणतात. तो निरोप इंग्रजी अक्षरांतल्या हिंदीत होता आणि त्यात 'मॅडम' असे संबोधन होते. बाईंनी आम्हांला नंतर सांगितले, "पाळकसाहेब, ते मला खटकलं होतं. पण म्हटलं, पोर आजारी, घाईत लिहिलं असेल." खजिनदार भगिनींचे घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. त्यांचा साधा फोन चालूच होता, कारण चोराने व्हॉट्सॲप नेले होते, मोबाईलमधले सिमकार्ड नव्हे. साधा फोन लावला असता तर त्यांनीच उचलला असता. पण ठक आपल्याला सर्व काही देतो, फक्त घटकाभर वेळ देत नाही.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपला तर कुलूप आहे ना? आहे, आणि ते चांगले आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संभाषण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सांकेतिक रूपात बंद केलेले असते. वाटेत ते चालविणाऱ्या कंपनीलाही वाचता येत नाही. साध्या एसएमएसला असे कुलूप नाही. टेलिग्रामच्या नेहमीच्या गप्पांना आणि ग्रुपला नाही. तेथे मुद्दाम गुप्त संभाषण उघडावे लागते, आणि तेही दोघांपुरतेच. पण कुलूप वाटेवर आहे, दारात नाही. पत्राचे पाकीट वाटेत कोणी फोडले नाही एवढेच ते सांगते. पत्र लिहिणारा कोण, हे ते सांगत नाही. आणि पत्र घरी पोहोचल्यावर ते कोणी फोटो काढून दहा जणांना दाखवले, तर त्यालाही कुलपाचा इलाज नाही.

ईमेलची तऱ्हा तर आणखी साधी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याची रीत ठरली तेव्हा थोडी विद्यापीठे व संशोधन संस्था एकमेकांना ओळखून होत्या. पाठवणाऱ्याचे नाव तपासावे असे कोणाच्या मनातही आले नाही. पाकिटाच्या कोपऱ्यात प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तशी ती सोय होती. नंतर पडताळणीच्या युक्त्या निघाल्या, तरी तुमच्या बँकेच्या किंवा बिशपसाहेबांच्या नावाने पत्र येऊ शकते आणि खाली पत्ता भलताच असू शकतो.

हे काही आजच उपजलेले पाप नव्हे. ईजबेलीने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्याच्याच मुद्रेने ती बंद केली, आणि त्या खऱ्या मुद्रेच्या पत्रांनी नाबोथाचा जीव गेला. मुद्रा खरी होती, हे विसरू नये. थेस्सलनीकाच्या मंडळीत तर प्रेषिताच्या नावाने येऊ शकणाऱ्या पत्राचीच भीती होती. अशा पत्राने लगेच घाबरून जाऊ नका, असे पौल त्यांना बजावतो. आणि शेवटी उपायही करून ठेवतो. पत्रे तो बहुधा दुसऱ्याकडून लिहून घेई. रोमकरांस पत्र लिहून घेणाऱ्याचे नाव तर्तियस हे आपल्याला ठाऊकच आहे. पण शेवटचा सलाम तो आपल्या हाताने लिही आणि तीच माझ्या प्रत्येक पत्राची खूण असे कळवी. प्रेषिताला खुणेची गरज वाटली, ती त्याचा मंडळीवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. मंडळीवरचे प्रेम होते म्हणून.

मग आपल्या घरांत अशी खूण का नसावी? एक साधा शब्द घरात ठरवून ठेवा. आजीच्या गावच्या विहिरीचे नाव असो की जुन्या घरातल्या कुत्र्याचे. तो मोबाईलवर कधी लिहू नये. पैशांचा निरोप आला की तो शब्द विचारावा. पूर्वी आम्ही म्हटले असते, फोन करून आवाज ऐका म्हणजे झाले. आता तेही पुरेसे राहिले नाही. थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी साधने निघाली आहेत. २०२४ च्या आरंभी हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याला पडद्यावरील बैठकीत आपले वरिष्ठ आणि सहकारी बसलेले दिसले, बोलताना ऐकू आले. त्या बैठकीत तो एकटाच खरा होता. बाकी सारी चित्रे यंत्राने बनविलेली होती. त्याने सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. त्यालाही आधी आलेल्या पत्राची शंका आली होती. चेहरे पाहिल्यावर ती मावळली. इसहाकाने चाचपून पाहिले आणि त्याची शंका मावळली, तेच येथे झाले. ज्याने निरोप आणला त्याच्याच हाताला हात लावून पडताळा होत नाही. पडताळा दुसऱ्या वाटेने करावा लागतो: तुमच्याजवळ आधीपासून लिहून ठेवलेल्या नंबरवर साधा फोन करून, शेजाऱ्याला विचारून, नाहीतर छत्री घेऊन दोन गल्ल्या चालत जाऊन.

घाई हे ठकाचे एक शस्त्र, तर भय हे दुसरे. आपल्यापैकी काहींना फोन आले असतील की, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हांला पोलिसांनी 'डिजिटल अटक' केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा. असे फोन इतके वाढले की २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात स्वतः सांगितले की, कायद्यात डिजिटल अटक अशी काही व्यवस्थाच नाही. नहेम्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडून पाहा. सन्बल्लट चार वेळा नहेम्याला एकटे गाठण्यासाठी बोलावतो. पाचव्या वेळी तो उघडे पत्र पाठवतो, म्हणजे वाटेत ज्याने त्याने वाचावे. आणि त्यात लिहितो की राष्ट्राराष्ट्रांत बोलवा आहे, गेशेमही तसेच म्हणतो. बोलवा कोणाची, ते नाही. मोठे नाव मात्र चिकटवलेले. ते साधले नाही तेव्हा पैसे देऊन एका संदेष्ट्याला पुढे करण्यात येते: तुझ्या जिवाला धोका आहे, मंदिरात लपून दार लावून घे. नहेम्या काय करतो? तो भिंतीवरून उतरत नाही. आरोपाला एका वाक्यात नकार देतो आणि कामाला लागतो. आपल्यालाही फोन खाली ठेवण्याची मुभा आहे. सभ्यपणाच्या सवयीने आपण समोरचा बोलतो आहे तोवर फोन ठेवत नाही. येथे तो ठेवावा. आणि जो कोणी तुम्हांला 'घरच्यांना सांगू नका' असे म्हणेल, तो पोलीस नव्हे, बँकेचा माणूस नव्हे, हे त्या एका शब्दावरून समजावे.

ते उघडे पत्र आपण स्वतःही पाठवत असतो, हे बोलणे आम्हांला जड जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी आठवड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे पाच लोक आले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे असे निरोप मोबाईलवरून गावोगाव फिरत होते. जमावाने त्या पाचांना ठार मारले. रविवार होता. त्याच महिन्यात बिदर जिल्ह्यात हैदराबादहून आलेल्या एका तरुण अभियंत्याचा तसाच जीव गेला. त्याच्या मंडळींनी वाटेत शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली होती एवढेच निमित्त. त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनविलेली होती. तिच्या शेवटी उचललेले मूल परत आणून देतात आणि सावधगिरीचा संदेश येतो. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच जागांपेक्षा अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठविणे बंद केले. पाच ही संख्याही, आमच्या मते, लहान नाही.

आणि प्रार्थनेच्या ग्रुपचे काय? 'अमक्या बहिणीच्या तपासणीत असे असे निघाले, प्रार्थना करा,' असे आपण दीडशे जणांत लिहितो. तिला विचारले होते का? प्रार्थनेचे निमित्त करून पसरविलेली वार्ता ही चुगलीच असते, तिच्या शेवटी 'आमेन' लिहिले तरी.

शब्बाथ शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींना थोडे निराळे सांगावयाचे आहे. २०२० च्या टाळेबंदीत आपण झूमवर वर्ग घेऊ लागलो. तेव्हा अनेक ठिकाणी सभेचा पत्ता उघड्यावर टाकला गेल्यामुळे परके लोक आत शिरले आणि घाणेरडी चित्रे दाखवून गेले. प्रार्थनासभाही सुटल्या नाहीत. त्या एप्रिलपासून झूमने परवलीचा शब्द आणि बाहेर थांबण्याची खोली आपोआप लागू केली. ती सोय गैरसोयीची वाटते म्हणून बंद करू नये. पोरांचे फोटो नाताळच्या नाटकात काढतो, ते नाव, इयत्ता, शाळेच्या गणवेशासह कोठेही टाकतो. ते आईबापांना विचारल्याशिवाय टाकू नयेत, आणि नाव तर मुळीच घालू नये. मुलाला काही कळवावयाचे तर आईबाप असलेल्या ग्रुपवर कळवावे. शिक्षक कितीही प्रामाणिक असला तरी मुलाला 'मोठ्या माणसांशी एकट्याने, गुपचूप बोलावे' ही सवय आपल्या हातून लागू नये. तिचा फायदा दुसराच कोणी घेईल. मुलांना एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगा: चूक झाली, फोटो पाठवला गेला, कोणी धमकी दिली, तरी येऊन सांग, आम्ही रागावणार नाही. आणि मग खरोखर रागावू नका.

येथे आम्हांला आमच्याच अपराधाकडे यावे लागते.

बाईंना त्याच रात्री सत्य कळले. तत्काळ १९३० या सरकारी नंबरावर फोन केला असता तर पैसे पुढे सरकण्याआधी ते कदाचित अडवता आले असते. त्या नंबरचा उपयोग तेवढ्यासाठीच आहे आणि तेथे पहिले काही तास फार मोलाचे असतात. बाईंनी फोन केला नाही. मुलाला सांगितले नाही. आम्हांला सांगितले नाही. पाच रविवार त्या उपासनेला आल्या नाहीत. निरोप आला की गुडघे दुखतात. सहाव्या आठवड्यात आम्ही भेटीस गेलो तेव्हा चहा ठेवता ठेवता त्या बोलल्या. तोवर ते चाळीस हजार रुपये कोठल्या कोठे गेले होते.

"मग आम्हांला का नाही कळवलंत?" असे आम्ही विचारले.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात ना, पाळकसाहेब, चर्चच्या दारात. एवढी शिकलेली माणसं कशी फसतात कोण जाणे, म्हणून. मी मागेच उभी होते."

आम्ही ते म्हणालो होतो. वर्तमानपत्रातल्या कोणा निवृत्त अधिकाऱ्याची बातमी निघाली होती, चार जण हसले होते, आम्हीही हसलो होतो. ते हसणे त्या रात्री बाईंच्या हातातल्या फोनवर येऊन बसले. चोराने चाळीस हजार नेले, पण तिच्या मदतीची वाट बंद केली ती आम्ही. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात आम्ही क्षमा मागितली. आज या पानावर पुन्हा मागतो, कारण दारात हसलो ते चौघांच्या देखत हसलो होतो.

घरी येऊन आम्ही इसहाकाचा अध्याय पुन्हा वाचला. फसलो हे कळल्यावर तो म्हातारा थरथर कापू लागला, असे तेथे लिहिले आहे. शास्त्रात त्याबद्दल त्याला कोणी बोल लावलेला आम्हांला सापडला नाही. उलट इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात, जेथे विश्वासाने चाललेल्यांची नावे एकामागून एक येतात, तेथे इसहाकाचे नाव आहे; आणि ते ज्या कृत्यासाठी आहे ते याच दोन मुलांना दिलेल्या आशीर्वादाचे आहे. ज्या दिवशी तो फसला, त्याच दिवसाच्या आठवणीने त्याचे नाव तेथे लिहिले गेले.

बाई पुढच्या रविवारी उपासनेला आल्या. महिला मंडळाच्या बैठकीत त्यांनी आपण होऊन सारे सांगितले. खजिनदार भगिनी शेजारी बसून रडत होत्या, कारण त्याही इतके दिवस आपल्या सहा आकड्यांचे ओझे वाहत होत्या. मग बाईंनी पिशवीतून वही काढली, शिक्षिकाच त्या, आणि फळ्यावर लिहावे तसे एकेक सांगू लागल्या: कोड कोणालाही सांगावयाचा नाही, पैसे येण्यासाठी पिन कधी लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच, लग्नाची पत्रिका म्हणून आलेली फाईल उघडताना ती मोबाईलमध्ये काही बसवू लागली तर तिथेच थांबावयाचे. एकेकीचा मोबाईल हातात घेऊन व्हॉट्सॲपमध्ये दुसऱ्या कुलपाचा सहा आकडी पिन कसा घालावा ते दाखविले. एका आजींनी आपला पिन मोठ्याने वाचून दाखविला, तेव्हा सगळ्या हसल्या आणि तो पुन्हा बदलावा लागला.

चहाच्या वेळी तिघीजणी बाईंजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्याही फसल्या होत्या. एकीने अजून घरी यजमानांनाही सांगितले नव्हते. बाईंनी तिला बाजूला बसवले, तिच्या मोबाईलवर १९३० लावून दिला आणि पलीकडून कोणी बोलेपर्यंत तिचा हात धरून ठेवला.